मातृभाषा आणि कैवार

‘मातृभाषा’ हा शब्द मराठीच्या अध्यापकाच्या तोंडी इतका रुळलेला असतो की त्याच्या अर्थाकडे थांबून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. दरवर्षी २७ फेब्रुवारीला आपण त्यावर भाषणे देतो, विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतो, मातृभाषेतून शिक्षण का हवे याची ठरलेली कारणे सांगतो. या सगळ्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: आई बोलते आणि मूल ऐकते. ज्या घरात आई बोलते पण मुलाला ऐकू येत नाही, त्या घरात मातृभाषा कशाला म्हणायचे, हा प्रश्न अध्यापनाच्या कित्येक वर्षांत मला पडला नव्हता. तो पडला तो एका विद्यार्थिनीमुळे, आणि तोही तिच्याशी मी ज्या रीतीने वागले त्याची लाज वाटल्यानंतर.

पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश चालू होते. एक बाई आपल्या मुलीला घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. मुलीच्या दोन्ही कानांमागे मशीन होते. बाईंच्या हातात जाडजूड फाइल होती: श्रवणचाचणीचे आलेख, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, दहावी-बारावीला मिळालेल्या सवलतींची पत्रे, सगळे तारखेवार लावलेले. “मॅडम, हिला ऐच्छिक मराठी नको,” त्या म्हणाल्या. “ऐकू येत नाही तिला. कविता-बिविता कशी कळणार? त्यापेक्षा पाठ करून लिहिता येईल असा एखादा विषय सांगा.” मलाही ते पटले. कविता म्हणजे नाद, लय, उच्चार, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते. आम्ही दोघी वीसेक मिनिटे बोललो. तिला काय झेपेल, तिला पहिल्या बाकावर बसवावे का, तिला नोट्स कोण देईल. मुलगी आमच्या दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी तिने प्रवेश-अर्जाची एक पाठकोरी प्रत ओढून घेतली आणि तिच्यावर लिहिले: “मला मराठी हवे आहे. मला विचारा.”

त्या दोन वाक्यांनी मी ओशाळले, तशीच थोडी चकितही झाले. तिच्या वयाची कोणतीही मुलगी “मला मराठी हवंय” असे लिहिते. तिने ‘हवे आहे’ लिहिले होते, कारण तिची मराठी कानांवाटे आलेली नव्हती. ती पाठ्यपुस्तकांतून, म्हणजे डोळ्यांवाटे आलेली होती. प्रमाण लिखित मराठी ही तिच्यासाठी बोलीवर चढवलेला पोशाख नव्हता, तीच तिला भेटलेली पहिली मराठी होती.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. त्या आईला दोष देण्याचा माझा हेतू नाही. कर्णबधिर मुलाच्या पालकांना काय काय करावे लागते, याची बाहेरच्यांना क्वचितच कल्पना असते. मूल हाकेला वळत नाही हे प्रथम आईच्या लक्षात येते, आणि “मुलगे उशिराच बोलतात”, “मामाही असाच होता” या घरच्यांच्या समजुतीशी तिला पहिले भांडण करावे लागते. मग तपासण्या, मशीन, मशीनचे सेल, वर्षानुवर्षांचे वाचोपचार, आरशासमोर बसून एकेक अक्षर गिरवून घेणे. त्यानंतर शाळा. आपल्या मुलाला दाखल करून घ्या म्हणून विनंती, शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये म्हणून विनंती, परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून अर्ज. हा सगळा कैवार पालकांनी घेतला नसता, तर ती मुलगी माझ्या स्टाफरूमच्या दारापर्यंत पोचलीच नसती.

परंतु कैवाराला एक व्याकरण असते आणि ते तृतीय पुरुषाचे असते. “तिला ऐकू येत नाही”, “तिला झेपणार नाही”, “तिच्यासाठी काहीतरी करा.” मूल तीन वर्षांचे असताना दुसरे व्याकरण शक्यच नसते. प्रश्न असा आहे की ते अठरा वर्षांचे झाले तरी वाक्याचा कर्ता बदलत का नाही? त्याचे उत्तर पालकांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा भाषेत शोधावे असे मला वाटते. पालक मुलाविषयी जगाशी ज्या सहजतेने बोलू शकतात, तितक्या सहजतेने ते मुलाशी बोलू शकतात का, यावर ते अवलंबून असते.

ही अडचण आजची नाही आणि केवळ आपली नाही. कर्णबधिरांच्या शिक्षणाच्या इतिहासात पालकांच्या कैवाराने दोनदा मोठे वळण दिले. दोन्ही वेळा अमेरिकेत, दोन्ही वेळा एका बापाने, आणि दोन्ही वेळा मुलीसाठी. त्या दोन कथा शेजारी ठेवून पाहिल्या की आपल्या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

पहिला बाप म्हणजे हार्टफर्ड गावचे डॉक्टर मेसन कॉग्जवेल. त्यांची मुलगी ॲलिस अगदी लहानपणी तापाने बहिरी झाली. अशा मुलांसाठी अमेरिकेत तेव्हा शाळाच नव्हती. कॉग्जवेल यांनी आपल्या भागात अशी किती मुले आहेत याचा शोध घेतला, गावातील धनिकांना गोळा केले, वर्गणी जमवली आणि १८१५ मध्ये टॉमस गॅलॉडेट या तरुण धर्मोपदेशकाला शिक्षणपद्धती शिकून येण्यासाठी युरोपात पाठवले. गॅलॉडेट परत आले ते लोराँ क्लेर या फ्रेंच शिक्षकाला बरोबर घेऊन. क्लेर स्वतः कर्णबधिर होते आणि खुणांच्या भाषेत शिकवत असत. १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली. ॲलिस तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होती. आजच्या अमेरिकन सांकेतिक भाषेची मुळे त्या शाळेच्या वर्गांत आणि वसतिगृहात आहेत.

दुसरा बाप म्हणजे बॉस्टनजवळचे वकील गार्डिनर हबर्ड. त्यांची मुलगी मेबल पाच वर्षांची होता होता स्कार्लेट फीवरने बहिरी झाली. आपल्या मुलीचे बोलणे टिकले पाहिजे असा हबर्ड यांचा ध्यास होता. घरच्यांनी आणि शिक्षिकेने अपार कष्ट घेऊन तिला ओठ वाचायला आणि बोलत राहायला शिकवले. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे त्यांनी तोंडी पद्धतीच्या शाळेची मागणी केली, तेव्हा नऊ वर्षांची मेबल आमदारांच्या समितीपुढे उभी राहिली आणि तिने प्रश्नांना तोंडी उत्तरे दिली. १८६७ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे क्लार्क शाळा सुरू झाली. पुढे याच मेबलचे लग्न अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याशी झाले, आणि तोंडी पद्धतीला बेल यांच्याइतका प्रभावी पुरस्कर्ता दुसरा मिळाला नाही.

दोन्ही बापांचे प्रेम सारखेच होते, चिकाटीही सारखीच होती. मेबलच्या यशाविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ती बहिरी झाली तेव्हा तिच्याजवळ जवळजवळ पाच वर्षांची इंग्रजी जमा होती. जन्मापासून एकही शब्द न ऐकलेल्या मुलाची स्थिती मुळात वेगळी असते. एका मुलीच्या यशाचे उदाहरण सर्वांसाठी नियम ठरले, हा त्या कथेतील धोक्याचा भाग. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तोंडी पद्धत श्रेष्ठ ठरवून खुणांना वर्गाबाहेर काढण्याचा ठराव केला. त्या परिषदेत कर्णबधिर प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच. या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. तो व्हँकुव्हरच्या परिषदेत व्यक्त झाला.

माझ्या मते या दोन कथांतील खरा फरक पद्धतीचा नाही. कॉग्जवेल यांच्या कैवाराची परिणती एका कर्णबधिर माणसाला शिक्षकाच्या जागी आणण्यात झाली. ॲलिसला बापाच्या प्रेमापलीकडचे काही मिळाले: आपल्यासारखाच, पण शिकलेला, सन्मानाने जगणारा प्रौढ माणूस तिने पाहिला. हबर्ड यांच्या योजनेत अशा माणसाला जागा नव्हती. पालकांचा कैवार पारखण्याची माझी कसोटी यातून तयार होते. तो कैवार अखेरीस मुलाला आणि त्याच्यासारख्या मोठ्या माणसांना खोलीत बोलावतो की बाहेर ठेवतो? अर्थात पहिल्या परंपरेतही हे सहज घडले नाही. गॅलॉडेट यांचे नाव धारण करणाऱ्या वॉशिंग्टनच्या विद्यापीठाला पहिला कर्णबधिर अध्यक्ष १९८८ मध्ये मिळाला, तोही विद्यार्थ्यांनी आंदोलन केल्यानंतर. आणि ती संस्था महाविद्यालय झाली होती १८६४ मध्ये.

आपल्याकडे मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास निघाली, म्हणजे मिलानच्या ठरावानंतर लगेचच. आपल्या विशेष शाळांवर तोंडी पद्धतीची छाप दीर्घकाळ राहिली यात नवल नाही. या शाळांना पूर्वी ‘मूकबधिर विद्यालय’ म्हणत. नंतर ‘मूक’ गळाले आणि ‘कर्णबधिर’ रूढ झाले. हा बदल योग्यच होता, कारण या मुलांच्या स्वरयंत्रात बहुधा काही दोष नसतो. पण ‘मूक’ गळाले ते मूल पुढेमागे तोंडाने बोलेल या आशेने. हातांनी ते आधीच बोलत आहे, हे त्या नामांतराच्या वेळी फारसे कोणाच्या मनात नसावे. वर्गात ओठ वाचायचे आणि मधल्या सुट्टीत, वसतिगृहात हातांनी पोटभर गप्पा मारायच्या, असे दुहेरी जीवन कित्येक पिढ्या जगल्या.

ओठ वाचणे म्हणजे काय, हे आपण भाषेच्या लोकांनी एकदा करून पाहावे. आरशासमोर आवाज न करता ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ म्हणावे. तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशाजवळ उच्चारले जातात, ते दिसतच नाहीत. विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेवटी, बिनआघाताचे, घाईत येतात. कर्णबधिर विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत ‘ने’ आणि ‘ला’ यांची गल्लत दिसली की आपण लाल रेघ मारतो. ती चूक आळसाची नसते. ते प्रत्यय त्याच्यापर्यंत पोचलेलेच नसतात.

याउलट खुणांची भाषा त्याच्यापर्यंत संपूर्ण पोचते. ती भाषा आहे, हातवारे नव्हेत, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेच्या संदर्भात मांडले. भारतीय सांकेतिक भाषेचा अभ्यास १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. त्यात मदन वशिष्ठ हे स्वतः कर्णबधिर असलेले अभ्यासक होते. उलरिके झेशान यांनी पुढे तिचे व्याकरण तपशिलाने मांडले. ही भाषा म्हणजे हातांनी केलेले मराठीचे किंवा हिंदीचे भाषांतर नाही. प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, होय-नाहीचा प्रश्न भुवयांनी विचारला जातो, सर्वनामांचे काम समोरच्या मोकळ्या जागेतील ठिकाणे करतात. मराठीच्या वर्गात आपण भाषाविज्ञान शिकवतो, वर्णविचार आणि रूपविचार शिकवतो, पण आपल्याच जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या या भाषेचा उल्लेख आपल्या व्याख्यानांत येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतील पाहण्यांनुसार कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. जगातील बहुतेक भाषा आईकडून मुलाकडे वाहत येतात. खुणांची भाषा बहुतेक मुलांना समवयस्कांकडून, शाळेत, वसतिगृहात मिळते. म्हणजे या मुलांची सहज भाषा ही आईची भाषा नसते, आणि आईची भाषा मुलाला सहज नसते. ‘मातृभाषा’ या शब्दाची फोड येथे कोलमडते. तो शब्द टिकवायचा असेल तर प्रवाहाची दिशा उलटी करावी लागेल: आईने मुलाकडून, किंवा मुलासाठी, एक भाषा शिकावी लागेल. पालकांच्या कैवाराची खरी सुरुवात येथे होते असे मला वाटते. कचेरीत, शाळेत, इस्पितळात मुलासाठी भांडणारे पालक घरी जेवणाच्या ताटावर मात्र असहाय असतात. सगळे हसतात, मूल विचारते काय झाले, आणि उत्तर येते, “काही नाही, नंतर सांगते.” ते ‘नंतर’ बहुधा येत नाही. जगाने मुलाला वगळू नये म्हणून झटणाऱ्या घरातच ही वगळणूक रोज, विनाद्वेष, घडत असते.

यावर काही रास्त आक्षेप आहेत. पहिला आक्षेप असा की आता कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे, शासकीय योजनेतून तिला साहाय्यही मिळते. मग खुणांची गरज काय? इम्प्लांटमुळे अनेक मुले बोलू लागली आहेत, आणि त्या पालकांच्या निर्णयाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण शस्त्रक्रिया सर्वांना वेळेत मिळत नाही, मिळाली तरी परिणाम सर्वांत सारखा नसतो, आणि यंत्र काढून ठेवल्यावर मूल पुन्हा बहिरेच असते. दरम्यानची वर्षे भाषेविना गेली तर ती भरून निघत नाहीत. खुणा शिकल्याने बोलणे खुंटते ही भीती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तिला निर्णायक पुरावा नाही. दोन भाषांत वाढणारी मुले आपण सीमाभागात रोज पाहतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तालुक्याच्या गावी मजुरीला जाणारी आई ही भाषा शिकणार कोठे? हे खरेच आहे. म्हणूनच ती शिकण्याची सोय हीच पालकांची एक मागणी असली पाहिजे. मशीन मागता, शाळा मागता, सवलत मागता, तशी भाषाही मागा.

कायदा या बाबतीत अर्धी वाट चालून आलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कर्णबधिरांचे शिक्षण त्यांना योग्य अशा भाषेतून व्हावे असे म्हटले आहे आणि सांकेतिक भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची तरतूद केली आहे. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १० हजार नोंदी आहेत. त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक स्तरावर ही भाषा विषय म्हणून आली. परंतु त्याच कायद्यात सवलतींच्या यादीत दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट हीदेखील एक सवलत आहे. ती मुलांवरचा भार हलका करते, त्यामुळे पालक तिचा आग्रह धरतात, आणि ते समजण्यासारखे आहे. मात्र केवळ सूट देऊन शाळा मोकळी झाली, तर भाषा वजा होते आणि तिच्या जागी काहीच येत नाही. सूट मागताना तिच्या जागी काय, हा प्रश्न कोणी विचारायचा?

साहित्याच्या अभ्यासकांना हा सगळा प्रश्न एका जुन्या वादाची आठवण करून देईल. १९२० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले. ज्यांना वाचा असूनही ऐकले जात नाही त्यांचा तो आवाज होता, आणि तो देणारा माणूस त्यांच्यातलाच होता. पुढे दलित साहित्याच्या चर्चेत सहानुभूती आणि स्वानुभूती हा भेद आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. दोन्ही परिस्थिती सारख्या नाहीत. आई ही शोषक नसते, आणि तिची वेदना उसनी नसते. तरीही कोणी कोणाच्या वतीने बोलावे आणि कोठवर, हा प्रश्न तोच आहे. आपल्या साहित्यात बहिरा माणूस एक तर रूपक म्हणून येतो, जसा एकनाथांच्या भारुडांत, किंवा प्रहसनात भलतेच ऐकून हशा मिळवण्यासाठी येतो. अलीकडे तो आईवडिलांच्या निवेदनांत, त्यांच्या धैर्याच्या कथेतील विषय म्हणून येऊ लागला आहे. प्रथमपुरुषी निवेदक म्हणून मात्र तो मराठीत क्वचितच भेटतो. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. त्यांच्यात लिहिण्याजोगे काही नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

ती मुलगी ऐच्छिक मराठीच्या वर्गात बसली. तिच्या आईने दुसऱ्याच दिवशी येऊन अर्ज बदलून दिला. “तिचं तिला ठरवू दे, मॅडम,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि मला वाटते त्यांच्या अठरा वर्षांच्या कैवारातले सर्वांत अवघड वाक्य ते असावे. यापुढची कथा यशाची आहे असे मला सांगता येणार नाही. वर्गात दुभाषी नव्हता. पंखे घरघरत होते, आणि मी सवयीने फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले. लक्षात आले की वळायचे, पुन्हा विसरायचे. तिला बेताचे गुण मिळाले. तिच्या उत्तरपत्रिकेत प्रत्ययांच्या चुका होत्या आणि एका कवितेच्या रसग्रहणात, शब्द कागदावर कसे उतरत्या ओळींत मांडले आहेत याविषयी, एक परिच्छेद होता, जो ऐकणाऱ्या माझ्या साठ विद्यार्थ्यांपैकी कोणालाही सुचला नव्हता. ती कविता मी दरवर्षी मोठ्याने वाचून दाखवते. ती पानावर कशी दिसते याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते.

पालकांना सल्ला देणे सोपे आहे. पण ज्या दारांवर ते फाइल घेऊन येतात त्यांपैकी एक दार आपले आहे. तेथे खुर्ची देताना दोन द्याव्यात आणि प्रश्न मुलाकडे पाहून विचारावा. उत्तर कागदावर येईल, हातांनी येईल किंवा वेळ लावून येईल. तेवढा वेळ थांबणे हे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे.